तेंच गाणें, नवी तबकडी

एकच गाणें, गाणारी तीच, शब्द तेच, चालही तीच. आणि तरीही त्याचें एक मुद्रण ऐकावें व दुसरें कानांवर पडूं देऊं नये, असा निर्बंध जगांतील लक्षावधि तरुण-तरुणींनीं कांहीं वर्षें आपण होऊन स्वतःवर घालून घेतला होता. कोणी कायदा केला नव्हता, कोणी दंड बसविणार नव्हतें. जुनें मुद्रण बाजारांतून नाहींसें झालें होतें असेंही नाहीं. बोटाच्या एका टिचकीसरशीं तें हजर होत असे. पण तें वाजूं लागलें कीं शेजारची मैत्रीण भुंवया वर करी आणि म्हणे, "हें नको, तिचें लाव." हा 'तिचें' आणि 'त्यांचें' असा भेद कोठून आला, तो पाळण्यासाठीं एवढ्या मंडळींनीं काय काय केलें, आणि त्यांतून प्रत्यक्ष काय निष्पन्न झालें, हें समजून घेण्यासारखें आहे. वरवर पाहतां हा पोरखेळ वाटेल. परंतु त्याच्या मुळाशीं कलावंताच्या मालकीहक्काचा एक जुना आणि अवघड प्रश्न आहे.

ही गायिका म्हणजे अमेरिकेंतील टेलर स्विफ्ट. ज्या घरांत पंधरा ते पंचवीस वर्षांची मुलगी आहे तेथें हें नांव सांगावयास नको; इतरांसाठीं थोडी ओळख देतों. यांचा जन्म १३ डिसेंबर १९८९ रोजीं पेन्सिल्व्हेनिया राज्यांत झाला. मुलीला गाण्याचें आणि गाणीं रचण्याचें वेड, म्हणून आईबापांनीं बिऱ्हाड टेनेसी राज्यांत नॅशव्हिल शहराजवळ हलविलें. नॅशव्हिल हें तिकडच्या 'कंट्री' नांवाच्या ग्रामीण वळणाच्या संगीताचें माहेरघर. तेथें २००५ सालीं नव्यानेंच निघालेल्या बिग मशीन या ध्वनिमुद्रण कंपनीशीं तिचा करार झाला, आणि २००६ च्या ऑक्टोबरांत, वयाच्या सोळाव्या वर्षीं, तिचा पहिला गीतसंग्रह बाहेर पडला. २०१७ पर्यंत असे सहा संग्रह याच कंपनीनें काढले. तेवढ्या काळांत कंपनी लहान होती ती मोठी झाली, आणि शाळकरी मुलगी होती ती जगद्विख्यात झाली.

आतां थोडी कायद्याची किचकट बाब पाहिल्यावांचून पुढचें कळणार नाहीं. एका गाण्यांत वस्तुतः दोन निरनिराळ्या मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक. आणि ते शब्द त्या चालींत गाऊन जें ध्वनिमुद्रण तयार होतें ती दुसरी. पहिलीचे मालक मुळांत कवि व संगीतकार. दुसरीची मालक, करारांत तसें लिहिलें असेल तर, मुद्रणाचा खर्च करणारी कंपनी. या मूळ मुद्रणाला तिकडे 'मास्टर' म्हणतात. आमच्या वाचकभगिनींना हें लोणच्याच्या उदाहरणानें चटकन् समजेल. कृति आजीबाईंची, हात आजीबाईंचा. परंतु कैऱ्या, तेल आणि बरण्या यांचा खर्च व्यापाऱ्यानें केला, आणि भरलेल्या सहा बरण्या आपल्या मालकीच्या असें लिहून घेतलें. त्या बरण्या तो वाटेल त्याला विकूं शकतो. कृति मात्र आजीबाईंचीच राहते. "अमुक वर्षें मी हेंच लोणचें दुसरीकडे घालणार नाहीं," असें त्यांनीं लिहून दिलें असेल तर तेवढी मुदत त्यांना थांबावें लागेल. मुदत सरली कीं त्या नवी बरणी भरण्यास मोकळ्या. अमेरिकेचा कायदा या बाबतींत फार स्पष्ट आहे. ध्वनिमुद्रणावरचा हक्क त्या विशिष्ट मुद्रित ध्वनीपुरताच असतो. हुबेहूब तसेंच दुसरें मुद्रण कोणी स्वतंत्रपणें केलें, तर तो त्या हक्काचा भंग नव्हे.

स्विफ्टबाईंनीं आपलीं गाणीं स्वतः रचलेलीं होतीं, कांहीं एकटीनें आणि कांहीं इतरांच्या साहाय्यानें. ही गोष्ट पुढें निर्णायक ठरली. चित्रपटांत किंवा जाहिरातींत गाणें घालावयाचें तर मुद्रणाच्या मालकाची आणि गीतकाराची, अशा दोघांचीही संमति लागते. म्हणजे जुन्या बरण्या दुसऱ्याच्या घरीं असल्या तरी तेथपर्यंत जाणारी एक वाट अडविण्याचें सामर्थ्य यांच्या हातीं उरलें होतें. केवळ दुसऱ्यांचीं गाणीं गाणाऱ्या गायिकेला तें उरलें नसतें.

२०१८ च्या नोव्हेंबरांत बिग मशीनशीं असलेला करार संपल्यावर त्या युनिव्हर्सल या बड्या कंपनीकडे गेल्या, आणि पुढील सर्व मुद्रणें आपल्या मालकीचीं राहतील अशी अट त्यांनीं तेथें घालून घेतली. जुन्या सहा संग्रहांचें काय? ३० जून २०१९ रोजीं बातमी आली कीं बिग मशीन कंपनीच स्कूटर ब्रॉन या गृहस्थांच्या इथाका होल्डिंग्ज या संस्थेनें विकत घेतली. किंमत सुमारें ३० कोटि डॉलर असल्याचें वृत्तपत्रांनीं सांगितलें. ब्रॉन हे नामांकित गायकांचे व्यवस्थापक, आणि त्यांचें व स्विफ्टबाईंचें पूर्वींपासून वांकडें. आपल्या पंधराव्या-सोळाव्या वर्षांपासूनचें सारें काम नेमकें याच माणसाच्या हातीं गेलें, आणि तें आपल्याला जगाबरोबरच कळलें, असें त्यांनीं त्याच दिवशीं जाहीरपणें लिहिलें. कंपनीचे संस्थापक स्कॉट बोर्चेटा यांचें म्हणणें अर्थात् निराळें होतें. मुद्रणें परत मिळविण्याची संधि आपण देऊं केली होती असें ते म्हणाले. त्या संधीच्या अटींविषयीं दोन्ही पक्षांचीं विधानें आजतागायत जुळलेलीं नाहींत, आणि आपण दूरस्थांनीं त्यांत निवाडा देऊं नये हेंच बरें. करार कायदेशीर होता, विक्रीही कायदेशीर होती. दुखणें होतें तें कायद्याच्या कक्षेबाहेरचें.

ऑगस्ट २०१९ मध्यें स्विफ्टबाईंनीं जाहीर केलें कीं जुन्या करारांतील मुदत संपतांच, म्हणजे २०२० च्या नोव्हेंबरापासून, आपण तीं गाणीं पुन्हां गाऊं. ती मुदत येतां येतां ब्रॉन यांनीं तीं मास्टरें शॅमरॉक या, डिस्ने घराण्यापासून निघालेल्या, गुंतवणूक-संस्थेस विकूनही टाकलीं. एका बाईचा आवाज दीड वर्षांत दोनदां विकला गेला.

पुन्हां गाण्याची ही कल्पना कांहीं नवी नव्हे. फ्रँक सिनात्रा यांनीं १९६० मध्यें स्वतःची रिप्राइझ कंपनी काढल्यावर जुन्या कंपनीसाठीं गायिलेलीं कित्येक गाणीं नव्यानें मुद्रित केलीं. प्रिन्स या विलक्षण गायकाचा १९९३ च्या सुमारास आपल्या कंपनीशीं वाद पेटला, तो या मास्टरांवरूनही होता; गालावर 'गुलाम' असा शब्द लिहून तो लोकांपुढें येऊं लागला, आणि १९९९ सालीं आपल्या '१९९९' याच नांवाच्या गाण्याचें त्यानें नवें मुद्रण काढलें. परंतु लोकांच्या कानांत जुनेंच बसलें होतें तें बसलें. याचें कारण उघड आहे. श्रोता गाणें ऐकतो तेव्हां तो केवळ सूर ऐकत नाहीं. पहिल्यानें तें ऐकलें तो दिवस, ती खोली, तीं माणसें, हें सारें त्या विशिष्ट मुद्रणाला चिकटलेलें असतें. मालकी कोणाची याच्याशीं त्याला काय कर्तव्य?

आपल्या देशांत याच कायदेशीर वाटेचा उपयोग नेमका उलट्या दिशेनें झाला, तो सांगण्यासारखा आहे. जुन्या गाण्याचें नवें मुद्रण करण्याची कांहीं अटींवर मुभा आपल्या १९५७ च्या कायद्यांतही होती. १९८० नंतरच्या दशकांत टी-सीरीज कंपनीनें तिचा आधार घेऊन, दुसऱ्या कंपनीच्या ताब्यांतील जुनीं लोकप्रिय गाणीं नवोदित गळ्यांतून गाऊन घेतलीं आणि स्वस्त कॅसेटींतून गांवोगांव नेलीं. तेथें मूळ गायकाला कांहींच मिळालें नाहीं. २०१२ च्या दुरुस्तीनें अशा मुद्रणास पांच वर्षांची वाट पाहण्याचें बंधन आलें, आणि गीतकार, संगीतकार व गायक यांच्या मानधनाच्या वांट्यालाही कायद्याचें पाठबळ मिळालें. पण त्याच्या कितीतरी आधीं, १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत, ध्वनिमुद्रिकेच्या विक्रींत गायकाचा वांटा असावा असा आग्रह लताबाई मंगेशकरांनीं धरला होता. महंमद रफींना तो पटला नाहीं. एकदां पैसे घेतले कीं आपला हक्क संपला, असें त्यांचें म्हणणें. या मतभेदापायीं दोघांनीं कांहीं वर्षें एकत्र गाणें सोडलें होतें. त्या वेळीं श्रोत्यांनीं मात्र या भांडणांत भाग घेतला नाहीं. घेण्याचें साधनच त्यांच्या हातीं नव्हतें. रेडिओनें जें लावावें तें ऐकावें.

स्विफ्टबाईंच्या श्रोत्यांच्या हातीं तें साधन होतें. केवळ पुन्हां गाऊन भागणार नाहीं, श्रोत्यांनीं आपली संवय मोडली पाहिजे, हें ओळखून या बाईंनीं प्रत्येक नव्या गाण्याच्या नांवापुढें कंसांत 'टेलरची आवृत्ति' असे शब्द छापले. युक्ति साधी, पण फार उपयोगी. कारण त्यामुळें जुनें कोणतें आणि नवें कोणतें हें एका नजरेंत ओळखूं येऊं लागलें. मग इंटरनेटवर पसरलेला त्यांचा चाहतावर्ग कामाला लागला. हा वर्ग आपणांस 'स्विफ्टी' म्हणवितो. त्यांत शाळेंतल्या मुली आहेत, तशाच मुलांच्या आयाही आहेत. आणि कायदा शिकलेल्यांनीं इतरांना मास्टर म्हणजे काय, करारांतील मुदत म्हणजे काय, हें इतक्या सोप्या भाषेंत समजावून दिलें कीं, एरवीं वकिलाच्या कचेरींतच ऐकूं येणारे शब्द चौदा-चौदा वर्षांच्या मुलींच्या तोंडीं खेळूं लागले.

गाणीं आतां तबकड्यांवर क्वचित् आणि स्पॉटिफायसारख्या सेवांवर बहुशः ऐकलीं जातात. तेथें प्रत्येकानें आपापल्या आवडीच्या याद्या करून ठेवलेल्या असतात. अभ्यासाची एक, प्रवासाची एक, रडण्याची एक. वर्षानुवर्षांच्या त्या याद्या उघडून जुनें गाणें काढावयाचें आणि त्याच जागीं नवें बसवावयाचें, हा उद्योग देशोदेशीं घरोघर चालला. ज्या गाण्याची नवी आवृत्ति निघालेली नाहीं तें चालेल, निघाली असेल तर जुनें वर्ज्य, असा दंडक पडला. चुकूनही जुनें लागूं नये म्हणून तें कसें लपवून ठेवावें याच्या सूचना एकमेकींना धाडल्या गेल्या. कोणा नवख्यानें आपल्या चित्रफितीला जुनें मुद्रण जोडलें कीं खालीं दहा जणी येऊन त्याला चूक दाखवून देत, कोणी गोडीनें, कोणी फटकारून. महाराष्ट्रांतील वाचकाला यावरून बहिष्कार आणि स्वदेशी या जोडीची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. तुलना अर्थात् अत्यंत मोठ्या गोष्टीची अगदीं लहान गोष्टीशीं आहे. पण रीत तीच, एक टाकावयाचें तर दुसरें हातीं असलें पाहिजे.

'फिअरलेस' या संग्रहाची नवी आवृत्ति ९ एप्रिल २०२१ रोजीं निघाली, आणि ती 'बिलबोर्ड' या पत्राच्या गीतसंग्रहांच्या यादींत पहिली आली. पूर्वीं निघालेला संग्रह पुन्हां गाऊन तो असा पहिला येण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्याच वर्षीं सप्टेंबरांत टिकटॉकवर 'वाइल्डेस्ट ड्रीम्स' हें त्यांचें जुनें गाणें एकाएकीं लोकांच्या चित्रफितींना जोडलें जाऊं लागलें. ज्या संग्रहांतलें तें गाणें, त्याची नवी आवृत्ति अद्याप दोन वर्षें दूर होती. परंतु तें एकच गाणें स्विफ्टबाईंनीं तांतडीनें बाहेर सोडलें, आणि चाहत्यांनीं पाहतां पाहतां जुन्याच्या जागीं नवें रुजविलें. नोव्हेंबरांत 'रेड' संग्रह निघाला तेव्हां अमेरिकेंतील सर्वांत मोठ्या रेडिओ-संस्थेनें, आयहार्टनें, नवी आवृत्ति निघाल्यावर आपण तीच वाजवूं असें जाहीर केलें.

'रेड' मधील एका गाण्याची हकीकत तर अशी कीं तेथें हट्ट श्रोत्यांचाच होता. 'ऑल टू वेल' हें साडेपांच मिनिटांचें गाणें. त्याचा मूळ खर्डा याहून बराच लांब होता, असें सहलेखिका लिझ रोझ यांनीं मुलाखतींतून सांगितल्यापासून तो संपूर्ण ऐकावयास मिळावा म्हणून चाहत्यांनीं वर्षानुवर्षें लकडा लावला होता. नव्या संग्रहांत तें दहा मिनिटें तेरा सेकंदांचें होऊन आलें. व्यवहारज्ञांच्या मतें तीन-सव्वातीन मिनिटांपलीकडे आजचा श्रोता टिकत नाहीं. हें गाणें बिलबोर्डच्या शंभर गाण्यांच्या यादींत पहिलें आलें, आणि तेथें पहिलें आलेलें सर्वांत लांब गाणें ठरलें. तो मान १९७२ पासून डॉन मॅक्लीन यांच्या साडेआठ मिनिटांच्या 'अमेरिकन पाय' कडे होता.

या याद्यांचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. त्या वर्षांत अमेरिकेंत पैसे भरून सेवा घेणाऱ्यांनीं एखाद्या संग्रहांतील गाणीं १,२५० वेळां ऐकलीं, किंवा जाहिरातींसह फुकट ऐकणाऱ्यांनीं ३,७५० वेळां ऐकलीं, म्हणजे एक संग्रह विकला गेला असें धरीत. ऐकणें ही खाजगी आनंदाची गोष्ट. परंतु या हिशेबानें प्रत्येक ऐकणें हें एक मत झालें. हें चाहत्यांना पक्कें ठाऊक होतें. ऑक्टोबर २०२३ मध्यें '१९८९' या संग्रहाची नवी आवृत्ति निघाली ती पहिल्या आठवड्यांत या मापानें १६ लक्ष ५३ हजारांवर गेली; मूळ संग्रह २०१४ सालीं पहिल्या आठवड्यांत १२ लक्ष ८७ हजार खपला होता. नकलेनें अस्सलाला मागें टाकलें, आणि टाकलें तेंही अस्सल गाणारणीच्या गळ्यानें! तत्पूर्वीं महिनाभर या संग्रहांतील अप्रकाशित गाण्यांचीं नांवें ओळखण्यासाठीं गूगलवर कोडीं मांडलीं होतीं. सर्वांनीं मिळून ३ कोटि ३० लक्ष कोडीं सोडविलीं म्हणजे नांवें उघड होणार. चाहत्यांच्या लोंढ्यानें आरंभीं तें कोडेंच बंद पडलें. तरीही दिवसाच्या आंतबाहेर काम तडीस गेलें.

आंकडे पुष्कळ झाले. मला स्वतःला या प्रकरणांत आंकड्यांहून अधिक मोलाची वाटते ती श्रोत्यांनीं सोडलेली गोष्ट. 'लव्ह स्टोरी' हें गाणें प्रथम मुद्रित झालें तेव्हां गाणारी अठरा वर्षांची होती. पुन्हां झालें तेव्हां तीस वर्षांची. नवा गळा अधिक तयारीचा, श्वास अधिक लांब, उच्चार स्वच्छ. वाद्यें तींच, आणि तीं वाजविणाऱ्यांत पूर्वींचे कांहीं साथीदारही होते. पण अठराव्या वर्षींचा तो किंचित् कांपरा, किंचित् नाकांतला हट्टी सूर पुन्हां कसा यावा? आमच्या घरांतल्या एका मुलीला मीं विचारलें कीं, खरें सांग, तुला कोणतें आवडतें? ती क्षणभर थांबून म्हणाली, "जुनेंच, मामा. पण मी लावीत नाहीं. त्याचे पैसे तिला नाहीं ना मिळत." हें अक्षरशः खरें नाहीं, गीतकार म्हणून त्यांचा वांटा जुन्यावरही होताच. परंतु मास्टरच्या मालकाचा वांटा दुसऱ्याला जाई, हें खरें. आपल्या आवडीचा सूर दुसऱ्या कोणाच्या हक्कासाठीं, आणि तीही सातासमुद्रांपलीकडची, कधीं भेट न होणारी बाई, तिच्यासाठीं सोडावयाचा, याला पोरखेळ म्हणवत नाहीं.

मात्र सर्वच प्रकार असा लोभसवाणा नव्हता. नोव्हेंबर २०१९ मध्यें एका समारंभांत जुनीं गाणीं म्हणण्यावरून वाद झाला, तेव्हां स्विफ्टबाईंनीं आपल्या चाहत्यांना जाहीर आवाहन केलें कीं तुम्हांला काय वाटतें तें बोर्चेटा व ब्रॉन यांना कळूं द्या. कोट्यवधि अनुयायी असलेल्या व्यक्तीनें असें म्हणणें आणि एखाद्यानें आपल्या मित्राजवळ म्हणणें, यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. थोड्याच दिवसांत ब्रॉन यांनीं प्रसिद्ध केलें कीं आपल्याला व आपल्या कुटुंबियांना ठार मारण्याच्या धमक्या येत आहेत. घरांत लहान मुलें असलेल्या माणसावर ही पाळी यावी याचें समर्थन कोणत्याही मालकीहक्कानें होत नाहीं. धमक्या देणारे थोडे असतील. त्यांना आवरण्याची जबाबदारी मात्र ज्यांच्या शब्दाला इतकें वजन आहे त्यांच्यावरच येते, आणि ती या बाईंनीं पुरेशी पार पाडली असें मला वाटत नाहीं.

शेवटीं ३० मे २०२५ रोजीं स्विफ्टबाईंनीं आपल्या चाहत्यांना पत्र लिहून कळविलें कीं शॅमरॉककडून सहाही संग्रहांचीं मूळ मुद्रणें, चित्रफिती आणि अप्रकाशित गाणीं आपण विकत घेतलीं आहेत. मार्च २०२३ ते डिसेंबर २०२४ या काळांत त्यांनीं जगभर १४९ जलसे केले होते, आणि त्यांच्या तिकिटांचें उत्पन्न २ अब्ज डॉलरांहून अधिक होतें. या दौऱ्याला मिळालेल्या पाठिंब्यामुळेंच ही खरेदी शक्य झाली असें त्यांनीं लिहिलें. पैसा त्यांचा खरा. पण तो आला श्रोत्यांच्याच खिशांतून. पुढें आणखी एक कबुली होती. सहांपैकीं चार संग्रह पुन्हां गाऊन झाले होते. पहिला संग्रहही सबंध गाऊन तयार होता. 'रेप्युटेशन' हा सहावा मात्र चौथाईसुद्धां झाला नव्हता. त्या काळची ती चीड आणि तो तोरा पुन्हां साधेना. म्हणजे जुन्याची बरोबरी नव्यानें होत नाहीं हें गाणारणीलाही कळलें होतें.

पत्र प्रसिद्ध झालें आणि व्रताचें पारणें फिटावें तसें झालें. वर्षानुवर्षें टाळलेलीं जुनीं मुद्रणें लोकांनीं मोकळ्या मनानें लावलीं. 'रेप्युटेशन' हा आठ वर्षांपूर्वींचा संग्रह त्या आठवड्यांत बिलबोर्डच्या पहिल्या दहांत परत आला.

यानंतरची गोष्ट मला तितकीशी रुचत नाहीं, पण ती सांगितली पाहिजे. ३ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्यांचा 'द लाइफ ऑफ अ शोगर्ल' हा नवा संग्रह निघाला, आणि पहिल्या आठवड्यांत एकट्या अमेरिकेंत ४० लक्षांवर गेला. ॲडेल या गायिकेचा २०१५ सालचा उच्चांक त्यानें मोडला. हा संग्रह तीसहून अधिक प्रकारांनीं विक्रीस काढला होता. एकावर निराळें मुखपृष्ठ, दुसऱ्याची तबकडी निराळ्या रंगाची, तिसऱ्यांत एखादें गाणें अधिक. एकाच संग्रहाच्या अनेक प्रती घेणारे चाहते असल्यावांचून असें कोणी करीत नाहीं. येथें मालकीचा प्रश्न उरलेला नव्हता, कारण या संग्रहाच्या मालक पहिल्यापासून स्विफ्टबाईच होत्या. उरला होता तो आंकडा. २०२१ सालीं मुलीनें जुनें गाणें यादींतून काढून नवें घातलें त्यांत तिला कांहीं खर्च नव्हता, सोडावी लागली ती आवड; आतां तिला आवड सोडावी लागत नाहीं, फक्त खाऊचे पैसे मोडावे लागतात. तेंच प्रेम, तीच माणसें. पण पहिल्या प्रकाराविषयीं मला आदर वाटतो आणि दुसऱ्याविषयीं घरांतल्या वडील माणसाला वाटावी तशी काळजी.

मूळ लढ्याचा परिणाम इतर गायकांवर काय झाला, हें पाहतां चित्र दुहेरी आहे. मास्टरें आपल्याकडे राहतील अशी अट पहिल्याच कराराच्या वेळीं घालण्याचें धैर्य नव्या पिढींतील गायकांना आलें. ऑलिव्हिया रॉड्रिगो या तरुण गायिकेनें स्विफ्टबाईंचें उदाहरण पाहूनच आपण तसें केलें असें सांगितलें आहे. परंतु कंपन्याही स्वस्थ बसलेल्या नाहींत. पूर्वीं करार संपल्यावर दोन वर्षें, किंवा गाणें निघाल्यापासून पांच-सात वर्षें, एवढी मुदत पाळली कीं गायक पुन्हां गाण्यास मोकळा होई. २०२३ सालीं बिलबोर्डनेंच वृत्त दिलें कीं बड्या कंपन्या नव्या करारांत ही मुदत दहा, पंधरा, कोठें कोठें तीस वर्षांपर्यंत मागूं लागल्या आहेत. पंधराव्या वर्षीं अशा कागदावर सही करणारी मुलगी, करार संपून तीं तीस वर्षें सरेपर्यंत, सहज पन्नाशीला टेकलेली असेल.